टेकडीवरचे चौकोन

दर रविवारी सकाळी नकाशेसाहेबांच्या पोटात दुखायचं. हे दुखणं खाण्यापिण्यातलं नव्हतं, त्यामुळे त्याला गोळी-चूर्ण काही लागू पडत नव्हतं. ते साडूमुळे होतं, आणि साडूवर औषध अजून निघालेलं नाही.

साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तसे जगात साडू पुष्कळ असतात. पण ते शहाण्यासारखे लांब कुठेतरी राहतात, कधीमधी भेटतात, आणि भेटले की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून मोकळे होतात. नकाशेसाहेबांचे साडू त्याच वसाहतीत, समोरच्याच इमारतीत राहायचे. शिवाय ते दंतवैद्य होते, म्हणजे अख्खी वसाहत कधी ना कधी त्यांच्यासमोर आ वासून बसलेली. ज्याने आपला दुखरा दात काढला त्या माणसाबद्दल लोकांना जन्मभर प्रेम वाटतं. उलट नकाशेसाहेब पाणीपुरवठा खात्यात आरेखक. जमिनीखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे काढायचे. नळ कुणाला दिसत नाहीत, आणि नकाशे तर त्याहून दिसत नाहीत. आंघोळीला पाणी आलं म्हणून आरेखकाची आठवण काढणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. लोक त्यांना नकाशेसाहेब म्हणत, तेवढाच काय तो मान.

वसाहतीच्या खालच्या अंगाला एक तळं होतं आणि त्यावर जलपर्णी माजली होती. जलपर्णी दिसायला गोजिरवाणी, फूल जांभळं, पान चकचकीत. कुणा हौशी माणसाने कधीकाळी परमुलखातून आणून बागेतल्या कुंडात सोडली असेल, ती पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण होऊन बसली. पाण्याला ऊन मिळेना, माशांना हवा मिळेना, पाणपक्षी तर केव्हाच उठून गेले. वसाहतीतल्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण दिसणं आणि उठणं यांच्यात बरंच अंतर असतं. एका रविवारी दंतवैद्यांनी गमबूट चढवले, दारोदार फिरून माणसं गोळा केली आणि स्वतः गुडघाभर चिखलात उतरून पहिली जलपर्णी उपटली. अर्धवट काढायची नाही, ते म्हणाले, मूळ आत राहिलं की दुप्पट त्रास. हे वाक्य ते दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ म्हणत असणार. पण तळ्याच्या काठावर ते फार थोर वाटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. दंतवैद्य हसताहेत, हातात जलपर्णीचा मुळांसकट गड्डा, आणि मागे ओळीने उभ्या लोकांत नकाशेसाहेबांची बायको.

खरं दुखणं इथे होतं. बायको बालवाडीत शिकवायची. आठवडाभर लहान पोरांच्या मागे धावून दमलेली बाई रविवारी उशिरापर्यंत झोपेल की नाही? तर नाही. ही पहाटे उठून, जुनी सलवार घोट्यापर्यंत दुमडून तळ्यावर हजर. आणि परत येताना तिचं हसू जिन्यातूनच ऐकू यायचं. ताईबरोबर काहीतरी बोलत, खो खो हसत ती वर यायची, आणि दार उघडून आत आली की हसू बाहेर बुटांपाशी ठेवल्यासारखं थांबायचं. मग ती चहा टाकता टाकता सांगायची. भावोजींनी आज माणसांची काय सुंदर साखळी लावली. भावोजींना त्या जलपर्णीत केवढा बेडूक सापडला. भावोजींमुळे पाणकोंबडी परत आली, तिने लव्हाळ्यात घरटं बांधलंय, अंडी आहेत, तुम्ही बघायला हवं होतंत. नकाशेसाहेब वर्तमानपत्राआडून हं म्हणायचे. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई नेमकी कशाने हसते याचा शोध घ्यावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं होतं, आणि शोध घ्यायला गेलं की प्रत्येक वेळी साडूच हाती लागत होता.

त्यांना बोलावणं आलं नव्हतं असंही नाही. दंतवैद्यांनी पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून सांगितलं होतं की, साडूभाऊ, तुम्हीही या, टोपल्या मोजायला एक नीटनेटका माणूस हवाच आहे. टोपल्या! खात्यात ज्यांच्या सहीशिवाय एक नळ वळण घेत नाही त्या माणसाने जलपर्णीच्या टोपल्या मोजायच्या! नकाशेसाहेबांनी गुडघा दुखतो असं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी त्यांना लंगडावं लागे, आणि कोणता गुडघा सांगितला होता हे लक्षात ठेवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं.

असा जळफळाट किती दिवस सहन करायचा? एके दिवशी गॅलरीत उभे असताना त्यांची नजर वसाहतीमागच्या टेकडीवर गेली. टेकडी तशी लहान, माथ्यावर त्यांच्याच खात्याची पाण्याची टाकी, आणि उतारावर सगळीकडे घाणेरी. घाणेरी हे झुडूपही असंच परकं, शोभेचं म्हणून आलेलं. लाल-पिवळी फुलं, काटेरी फांद्या, आणि एकदा पसरलं की खाली गवताची काडी उगवू देत नाही. पूर्वी या उतारावर उंच गवत असायचं, त्यात पक्षी अंडी घालायचे. आता पक्षी फक्त घाणेरीची फळं खाऊन तिचं बी पुढच्या उतारावर नेऊन टाकत होते, म्हणजे शत्रूची टपालव्यवस्थाच चालवत होते. नकाशेसाहेबांच्या अंगात वीज संचारली. साडूंच्या वाट्याला तळं आलं असेल, पण टेकडी अजून कुणाची नव्हती. शिवाय टेकडी उंच असते, ती लांबून दिसते.

'टेकडी बचाव समिती'ची पहिली सभा जिन्याच्या पायऱ्यांवर भरली. तळमजल्यावरचे औषधवाले आले, निवृत्त पोस्टमास्तर आले, शिंपी आले, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू मधल्या पायरीवर बसल्या त्यामुळे बाकीच्यांना उठता येईना. बायको तेव्हा घरात भाजी चिरत होती. सल्ल्यांना तोटा नव्हता. औषधवाले म्हणाले, मुळाशी मीठ टाका. काकू म्हणाल्या, राहू द्या ना, फुलपाखरं बसतात, तुम्हा पुरुषांना काही छान दिसलं की उपटावंसंच वाटतं. पोस्टमास्तर म्हणाले, शेळ्या सोडा, शेळ्या सगळं खातात. आणि बोलून थांबतील तर ते पोस्टमास्तर कसले, दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी दोन शेळ्या पैदा केल्या. शेळ्यांनी घाणेरीला तोंड लावलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तिला कायमचा रामराम ठोकला. मग त्यांनी समितीचा कापडी फलक खाल्ला. त्यातला 'समिती' एवढाच शब्द उरला, तो औषधवाल्यांनी आठवण म्हणून दुकानात लावला.

परवानगीचं प्रकरण याहून वरचढ निघालं. उद्यान खात्याने कळवलं की टेकडी हे उद्यान नव्हे. वन खात्याने कळवलं की जिच्या माथ्यावर टाकी आहे तिला वन म्हणता येत नाही, आपण पाणीपुरवठा खात्याकडे जावं. नकाशेसाहेब पाणीपुरवठा खात्याकडे गेले, म्हणजे रोजच्यासारखे कामावर गेले, आणि जाताना अर्ज देऊन आपल्या टेबलाशी बसले. दुपारी तोच अर्ज शिपायाने त्यांच्याच टेबलावर आणून ठेवला. वर शेरा होता, जागेचा नकाशा आरेखकाकडून घेऊन जोडावा. आता स्वतःच्या अर्जासाठी स्वतःकडून नकाशा मागवायचा म्हणजे माणसाने दिरंगाई तरी कुणाची म्हणायची? त्यांनी जीव ओतून नकाशा काढला. उतार, टाकी, टाकीपासून निघून खाली जाणारा नाला निळ्या रेघेत, नाल्याच्या टोकाला तळ्याकडे जाणारा सुबक बाण, आणि सगळ्या उतारावर एकसारखे चौकोन. मोठ्या साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागे टांगला. अर्ज पुन्हा परत आला, नकाशा जोडलेला नाही म्हणून. नकाशेसाहेबांनी दुसरा नकाशा मुद्दाम जरा वाईट काढला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

इथवर सगळं ठीक होतं. पण चौकोन नकाशावर इतके शोभून दिसत होते की टेकडीवर ते नाहीत हे त्यांना बघवेना. साडूंची तऱ्हा काय, तर सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि हाताला लागेल ते ओढायचं. कुणी किती ओढलं, कुणाचं कुठे राहिलं, कशाचा कशाला पत्ता नाही. नकाशेसाहेबांनी दोरी आणि चुन्याची भुकटी घेतली आणि संबंध उतारावर चौकोन आखले. एका घराला एक चौकोन. आपापला चौकोन साफ करायचा आणि साफ ठेवायचा. नकाशेसाहेब स्वतः मधल्या खडकावर उभे राहून देखरेख करणार. देखरेख करणाऱ्याला चौकोन नसतो.

आणि काय सांगावं, पहिल्याच रविवारी तळ्यापेक्षा टेकडीवर जास्त गर्दी. जी माणसं तळ्यावर जायला आळस करत होती ती नवऱ्या-बायकोनिशी, पोराबाळांनिशी आपला चौकोन बघायला आली. शिंप्यांनी कात्री आणली. औषधवाल्यांनी हातमोजे वाटले. दुपारपर्यंत निम्मा उतार मोकळा झाला आणि खालची माती पहिल्यांदा उन्हात आली. दंतवैद्य स्वतः टेकडीच्या पायथ्याशी येऊन, चष्मा पुसून, पुन्हा वर बघत राहिले. नकाशेसाहेबांनी खडकावरून त्यांना हात केला, अगदी सहज, म्हणजे सहज दिसेल इतक्या मेहनतीने. त्या दिवशी चहा त्यांना अमृतासारखा लागला. बायको तळ्यावरून आली, बूट काढता काढता म्हणाली, तुमचं छान चाललंय, ऐकलं. ऐकलं! आता टेकडी काय रेडिओवर लागली होती? हिला डोळे नव्हते? उरलेला चहा निवून गेला.

पुढे जे झालं त्याचं मूळ माणसाच्या स्वभावात आहे. एखाद्याला म्हणा की ही टेकडी तुझी, तो हसेल. त्याला म्हणा की एवढा चौकोन तुझा, तो कुंपण आणायला धावेल. दुसऱ्या आठवड्यात शिंप्यांच्या चौकोनाची चुन्याची रेघ पोस्टमास्तरांच्या बाजूला वीतभर सरकलेली आढळली. रेघा सरकवण्यात शिंप्याचा हात कोण धरणार, असं पोस्टमास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. औषधवाल्यांनी आपल्या चौकोनावर पाटी लावली, आत येऊ नये. काकूंना आपला चौकोन साफ झाल्यावर बोडका दिसायला लागला, म्हणून त्यांनी गॅलरीतल्या कुंडीतला जांभळ्या फुलांचा वेल तिथे आणून लावला. तो वेल कुठून आलेला, तर काकूंच्या भाचीने परदेशातून आणलेला. आठवडाभरात त्याने काकूंचा चौकोन गिळला आणि औषधवाल्यांच्या पाटीवर चढला. एक पाहुणी हाकलायला निघालेल्या समितीने दुसरीला खोली दिली होती. नकाशेसाहेबांनी वेल उपटायला सांगितलं तर काकू आठवडाभर बोलल्या नाहीत आणि नंतरचा आठवडाभर फक्त त्याबद्दलच बोलल्या.

शिवाय उपटलेली घाणेरी टाकायची कुठे? ज्याने त्याने ती शेजारच्याच्या चौकोनात टाकायला सुरुवात केली. सकाळी उठून लोक आधी टेकडीवर जाऊन, आपल्या चौकोनात काल नव्हती अशी काही फांदी पडली आहे का ते तपासत. भांडणं जिन्यापर्यंत आली. शेवटी पोस्टमास्तरांना एक जागा सापडली जी कुणाच्याच चौकोनात येत नव्हती. नाला. सगळ्यांना एकदम पटलं. काटेकुटे, खोडं, फळांनी लगडलेल्या फांद्या, सगळं नाल्यात जाऊ लागलं आणि वसाहतीत शांतता नांदू लागली. नकाशेसाहेबांनी खडकावरून हे पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. निळी रेघ त्यांनीच काढली होती, तिच्या टोकाचा बाणही त्यांनीच काढला होता. पण बाण कागदावर होता आणि भांडण कानात होतं.

त्यातच टाकी धुण्याचा दिवस आला. टाकी अधूनमधून रिकामी करून धुवावी लागते आणि ते पाणी नाल्यात सोडतात. खात्याच्या माणसांनी झडप उघडली. नाल्यातून पाणी आलं ते आठवड्या-आठवड्यांची घाणेरी उचलून, वाजतगाजत खाली घेऊन गेलं.

रविवारी सकाळी बायको नेहमीसारखी गेली आणि थोड्याच वेळात परत आली. हसू नव्हतं. दारातूनच म्हणाली, "तळं भरलंय. तुमची घाणेरी सांडव्यात अडकलीय, पाणी बाहेर जात नाहीये. घरटं बुडेल." आणि उत्तराची वाट न बघता धावत खाली गेली. नकाशेसाहेबही धावले. कोणता गुडघा दुखतो हे विसरूनच धावले.

तळ्यावर जे दिसलं ते बघून त्यांनी कपाळाला हात लावला. इतक्या रविवारांच्या कष्टाने जिथे जलपर्णी काढून आरशासारखं पाणी झालं होतं, तिथे काटेरी फांद्यांचे तराफे तरंगत होते. सांडव्याच्या तोंडाशी तर ढीग दाटून बसला होता आणि पाणी काठावरच्या लव्हाळ्यात चढत चाललं होतं. लव्हाळ्यातल्या घरट्याखाली जेमतेम चार बोटं जागा उरली होती. पाणकोंबडी थोड्या अंतरावर गोल गोल पोहत ओरडत होती. टेकडीवाली मंडळीही मागोमाग आली. त्यांनी आल्या आल्या वाद घातला की यातल्या फांद्या कुणाच्या चौकोनातल्या. शिंपी शपथेवर सांगत होते की आमच्या नव्हेत, आमच्या सरळ कापलेल्या असतात.

नकाशेसाहेबांना वाटलं, आता साडू बोलणार. बोलावंच, सगळ्यांसमोर खरमरीत बोलावं. म्हणजे आपल्यालाही काहीतरी उलट बोलता येईल आणि मग निदान भांडण तरी बरोबरीचं होईल. पण दंतवैद्य कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "या साडूभाऊ. तुमच्या बाजूने ओढायला माणूस कमी आहे." बस्स, एवढंच. इतका चांगला माणूस साडू म्हणून देणाऱ्या नशिबाचा नकाशेसाहेबांना मनस्वी राग आला. ते बुटांसकट पाण्यात उतरले.

ओळीत एकच जागा मोकळी होती, बायकोच्या शेजारची. ती हातमोजे न घालताच फांद्या ओढत होती, हातावर ओरखडे उठले होते. तेही ओढू लागले. मनात असतं ते पाण्यात उभं राहिलं की आपोआप तोंडात येतं, त्याला कोण काय करणार? नकाशेसाहेबांनी सांडव्याकडे बघत विचारलं, "तुला भावोजींचं एवढं काय कौतुक?"

तिने हातातली फांदी सोडून त्यांच्याकडे पाहिलं. "कौतुक कसलं? पहिल्या रविवारी ते दारात येऊन 'चल' म्हणाले, म्हणून आले. तुम्ही वसाहतीत घरोघर चौकोन वाटलेत. काकूंना दिलात. जे शेळ्या घेऊन आले, त्यांनाही दिलात. मला दिलात का?"

"तू तर इकडे यायचीस."

"मला कुणी तिकडे बोलावलं? सभा आपल्याच जिन्यात होती, मी आत भाजी चिरत होते, सगळं ऐकू येत होतं. वाटलं, आता हाक माराल. मला काय, उपटायचंच होतं. टेकडीवर आले असते." तिने एक फांदी उपसून काठावर भिरकावली. "दर रविवारी घरी येऊन एवढं सगळं सांगायचे, ते कशासाठी सांगत होते?"

या बाईच्या एका हसण्यासाठी नकाशेसाहेबांनी अख्खी टेकडी आखली होती, आणि त्या आखणीत ही बाई कुठेच नव्हती. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच साडूपेक्षा स्वतःचा जास्त राग आला. खूप विचार करून ते म्हणाले, "मग चल."

"कुठे?" ती म्हणाली. "मी इथेच उभी आहे."

तेवढ्यात दंतवैद्यांनी पलीकडून सांगितलं की सगळ्यांनी एकदम ओढा. टेकडीवाले, तळ्यावाले, शिंपी, पोस्टमास्तर, काकूसुद्धा, जो तो हाताला लागेल ते धरून ओढू लागला आणि कुणाची फांदी कुणाची हे विचारायला कुणाला सवड राहिली नाही. नकाशेसाहेबांनी एक दांडगं खोड मिठीत घेतलं आणि बायकोने मागून त्यांचा शर्ट धरला. ढीग हलला, कण्हला आणि एका झटक्यात सुटला. सांडव्यातून पाणी धो धो निघालं. खोड मिठीत तसंच ठेवून नकाशेसाहेब मागे बसले ते थेट गळ्यापर्यंत चिखलात, आणि वर आले तेव्हा डोक्यावर जलपर्णीचा एक उरलासुरला गड्डा फुलासकट होता.

लव्हाळ्यातलं पाणी उतरू लागलं. पाणकोंबडी ओरडायची थांबली, इकडेतिकडे बघत आली आणि घरट्यावर जाऊन बसली. तिच्याकडे बघून बायकोने मोठा श्वास सोडला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. जिन्यातून ऐकू यायचं तेच, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिचं बघून ताई हसली, काकू हसल्या, सगळं तळं हसायला लागलं. तिने हसता हसताच हात पुढे केला आणि त्यांना उभं केलं, आणि उभं केल्यावरही हात सोडला नाही.

नकाशेसाहेबांनी हनुवटीवरचा चिखल पुसला आणि साडूंकडे पाहिलं. दंतवैद्यही हसत होते. पण ती आधी हसली होती, हे त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं.